नाव हीसुद्धा मजुरीच



या व्यासपीठावर गेले काही दिवस विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. १९८२ साली मुंबईत गिरणी संप झाला, वडिलांचे काम गेले, आणि आमचे बिऱ्हाड परळच्या चाळीतून सातारा जिल्ह्यातल्या गावी परत आले. त्यापुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. अशा माणसाने आज विषय घेतला आहे तो चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा आणि त्यांच्या वाद्यवृंदाचा. पत्रिकेवरचे नाव वाचून काही मंडळी हसली असतील. युनियनवाल्याला जॅझ कशाला, असे आमच्या घरातही विचारले गेले. त्याचे उत्तर आमच्या एका चुकीत आहे. म्हणून ती चूक आधी सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीला साखर कामगारांची सभा आटोपून आम्ही कार्यालयात बसलो होतो. साठीकडे झुकलेला एक माणूस दारात आला. अंगात लग्नाच्या बँडचा लाल कोट, काखेत फडक्यात गुंडाळलेला ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचे ते पितळेचे लांब वाद्य. वरातीत आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्याची तक्रार साधी होती. हंगामाच्या आरंभी घेतलेली उचल मालकाने वहीत दुप्पट धरली होती, आणि दोन महिन्यांच्या सुपाऱ्यांचे पैसे दिले नव्हते. आम्ही हातातला कागदही खाली न ठेवता म्हणालो, "बाबा, ही कामगारांची संघटना आहे. वाजवायचे काम आमच्यात बसत नाही." तो म्हणाला, "मग सायेब, आम्ही बसतो तरी कशात?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नमस्कार करून तो गेला, तो पुन्हा आला नाही. त्याचा प्रश्न मात्र आमच्या मनातून जाईना. वाजवणारा माणूस कशात बसतो, हे शोधण्यासाठी आम्ही मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता या चिक चॉकलेटपर्यंत येऊन पोहोचलो.

त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, बारदेशातल्या हळदोणे गावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. त्या राज्याने दिले थोडे आणि नेले फार. परंतु एक गोष्ट तेथे गावोगाव झाली. चर्चला गाणारी-वाजवणारी माणसे हवी असत, म्हणून चर्चच्या शाळेत संगीत शिकवीत. तेथला गुरू तो मेस्त. तो मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवी, व्हायोलिन हाती देई. हेतू प्रार्थनेचा होता. पण गरिबाच्या पोराच्या हाती एक कसब आले. कागदावर लिहिलेले संगीत पाहून, पूर्वी कधी न ऐकलेली चीज तो तिथल्या तिथे वाजवू शके. या कसबाला मुंबईत भाव होता.

मग ही मंडळी मुंबईला निघाली. येथे आपल्या सातारा-सांगलीकरांना आपलेच चित्र दिसेल. आपली माणसे गिरणगावात गेली तेव्हा एका गावच्यांनी मिळून खोली घेतली, पाळीपाळीने निजले, खाणावळीत जेवले. गोवेकरांनी धोबी तलावाच्या आसपास हेच केले. त्याला ते 'कूड' म्हणत. एकेका गावाची एकेक कूड. भिंतीशी ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि बँडमधला वादक शेजारी शेजारी पथारी टाकीत. आमचे वडील साचे चालवीत आणि कूडवाला ट्रम्पेट फुंके. पण महिनाअखेर गावी मनीऑर्डर धाडण्याची काळजी दोघांना सारखीच.

आता जॅझविषयी दोन शब्द. जॅझ म्हणजे श्रीमंतांचे हॉटेलातले संगीत, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. अमेरिकेत ज्यांना गुलाम म्हणून विकले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी हे संगीत घडवले. त्यांचा सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. न्यू ऑर्लिअन्सच्या गरीब वस्तीत वाढला, लहानपणी कोळशाच्या गाडीवर राबला, आणि मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये त्याचे शिक्षण झाले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे यांचा निग्रो वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यांच्यामागून आणखी वादक आले. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर हिंदुस्थानातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले. या मंडळींकडून आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून गोव्याच्या पोरांनी जॅझ उचलला. चिक यांनी आर्मस्ट्राँगचे वळण इतके आत्मसात केले, की लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

पुढे त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणजे कोण, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. कारण आमचे काम त्याच जातीचे आहे. तो स्वतः उत्तम वाजवतो हे खरे, पण तेवढे पुरत नाही. हॉटेलच्या मालकाशी बोली करणे, कोणाला किती द्यायचे ते ठरवणे, रुसलेल्याला समजावणे, आणि रात्री सर्वांना एका तालात बांधून ठेवणे हे त्याचे काम. जॅझमध्ये एक सुंदर रीत आहे. एकेकाला पुढे येऊन मनाजोगे वाजवायची संधी मिळते आणि तेवढा वेळ बाकीचे त्याला आधार देतात. मग तो मागे सरतो, दुसरा पुढे येतो. आमच्या चळवळीत पुढे आलेला माणूस मागे सरायला तयार होत नाही, ही आमची जुनी व्यथा आहे. असो.

स्वातंत्र्यानंतर एक उलथापालथ झाली. १९४९ सालच्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. धोरणाचा वाद येथे करावयाचा नाही. पण हॉटेलांतले नाच ओसरले आणि वादकांचे काम घटले. तेव्हा ही मंडळी मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. तेथे त्यांची गाठ आपल्या संगीताशी पडली.

ते काम कसे चाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपले गाणे एका धाग्याने चालते; एकामागून एक सूर. पाश्चात्त्य पद्धतीत एकाच वेळी निरनिराळे सूर एकमेकांना धरून चालतात. संगीतकार पेटीवर चाल सांगे. साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवून घेई. मग तिच्याखाली कोणते सूर धरायचे, दोन कडव्यांच्या मधली जागा कशी भरायची, व्हायोलिनांनी काय वाजवायचे, ट्रॉम्बोनने केव्हा हुंकार द्यायचा, हे सारे योजून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद तयार करी. तीस-चाळीस माणसे ते कागद पाहून वाजवीत. आम्ही याला यंत्राचा आराखडा म्हणू. आराखड्यावाचून कारखाना उभा राहत नाही. पण पाटीवर नाव मालकाचे असते.

सी. रामचंद्र, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचे साहाय्यक म्हणून चिक यांनी काम केले. १९५१ सालचा 'अलबेला' आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला असेल. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, स्वतः मजुरी केलेले. संगीत मराठी माणसाचे, आणि त्यातली पितळी वाद्यांची ती उसळी गोव्याच्या चर्चच्या शाळेतून, न्यू ऑर्लिअन्सच्या वळणाने आलेली. आमच्या चाळीत गणपतीपुढे पोरे त्या गाण्यांवर नाचत तेव्हा यातले काही आम्हांस ठाऊक नव्हते. या चित्रपटात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून चिक आणि त्यांचे सोबती पडद्यावरही दिसतात. हजारो वादकांत हे भाग्य फार थोड्यांचे. त्याच वर्षी 'नादान' या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. १९६७ च्या मे महिन्यात ते वारले. वय पन्नाशीच्या घरात. आमच्या आजच्या वयाएवढेच.

चिक यांना निदान नाव मिळाले. त्यांच्या मागच्या रांगेत बसणाऱ्यांचे काय? तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. वादकाला त्या दिवसाचे पैसे, आणि व्यवहार संपला. तबकडी पन्नास वर्षे वाजली तरी त्याचा तिच्याशी संबंध नाही. पुढे मुंबईच्या सिनेवादकांनी संघटना केली, वादकांच्या प्रती आणि त्यांचे दर ठरवून घेतले. ही मोठी कमाई होय. परंतु नाव मिळायला फार उशीर लागला. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे थोर व्हायोलिनवादक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांनी त्यांच्यापाशी शिक्षण घेतले, आणि १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या एका गाण्यात गुरूचे नाव घातले. ते नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. पण ऐकणाऱ्यांना वाटले, हे गंमतीचे काल्पनिक नाव आहे! खरा माणूस २०१२ सालापर्यंत हयात होता.

आता घरी येऊ. आपल्याकडे सनई, हलगी, ताशा वाजवणारी माणसे ठरावीक जातींतली. लग्नात वाजंत्री सर्वांच्या पुढे आणि पंगतीला सर्वांच्या शेवटी, हा आपला रिवाज. पितळी बँड आला, कोट आला, टोपी आली. पंगतीचा क्रम पुष्कळ ठिकाणी तोच राहिला. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत हंगाम, बाकीचे महिने शेतमजुरी किंवा ऊसतोड. फुंकणाऱ्याची छाती पन्नाशीत थकते. त्यातच डीजेच्या भिंती आल्या आणि वीस माणसांचे काम एका टेंपोवर जाऊ लागले. मुंबईच्या स्टुडिओतही हेच झाले. एका यंत्राच्या पेटीने व्हायोलिनांची रांग घरी बसवली.

आमच्याकडून जे होते ते सांगतो. गेली काही वर्षे हंगाम संपल्यावर आम्ही वादकांना एकत्र बसवतो. प्रत्येकाजवळ छोटी वही. तीत उचल किती, सुपारी कोणत्या तारखेची, ठरले किती, मिळाले किती, हे त्याच्या हाताने किंवा मुलाच्या हाताने लिहायचे. केंद्र सरकारने २०२१ साली असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली, तीत पुष्कळांची नावे घातली. पहिल्या दिवशी एका ताशावाल्याने विचारले, "धंद्याच्या रकान्यात काय लिवू?" आम्ही म्हणालो, "वादक लिहा. आणि त्याच्यापुढे कामगार लिहा."

आपणांकडून फार अपेक्षा नाही. यंदा घरी लग्न असेल तर बँडवाल्याशी बोली करताना माणसे किती, वेळ किती, हे कागदावर घ्या. त्यांना आपल्याबरोबर जेवायला बसवा. आणि वाजवणाऱ्याचे नाव विचारा. मिरजेच्या सतार करणाऱ्या घराण्यांनी तर सतारमेकर हे आडनावच घेतले. कसबाला नाव मिळाले की माणूस कसा ताठ उभा राहतो, ते तेथे जाऊन पाहावे.

हे नावाचे आम्ही पुन्हा पुन्हा का बोलतो? तो लाल कोटवाला गेल्यानंतर दोन वर्षांनी आम्ही त्याला शोधायला निघालो. मिरज, तासगाव, विटे, कराड, जेथे बँड आहे तेथे गेलो. लोक विचारीत, "नाव काय त्यांचं?" तेव्हा आम्हांस कळले, की त्या दिवशी आम्ही त्याची तक्रार तर घेतली नाहीच, पण त्याचे नावही विचारले नव्हते. साठीचा, लाल कोटातला, ट्रॉम्बोन वाजवणारा. अशी माणसे आम्हांस पुष्कळ भेटली. तो भेटला नाही.