उपग्रहाचा संकेत आणि आयनमंडळांतील विलंब

गोंदिया जिल्ह्यांतील प्रतापगड म्हणजे जावळींतला तो किल्ला नव्हे. महाशिवरात्रीच्या यात्रेचा हा डोंगर अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आहे. तेथें चढलेल्या यात्रेकरूचा मोबाईल त्याला त्याचें ठिकाण सांगतो. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला संकेत किती वेळांत पोंचला, यावरून अंतर काढावयाचें, एवढाच हिशेब. मात्र त्यांत सेकंदाचा अब्जावा भाग चुकला, तर अंतर तीस सेंटिमीटरांनीं चुकतें.

वाटेंत आयनमंडळ आहे. सूर्यकिरणांनीं तेथील अणूंपासून सुटे झालेले इलेक्ट्रॉन संकेतास रेंगाळावयास लावितात. ते दुपारीं पुष्कळ, पहांटे थोडे. सूर्य क्षुब्ध असलेल्या वर्षीं भरदुपारीं डोक्यावरच्या उपग्रहाचें अंतरहि पंधरा-सोळा मीटरांनीं अधिक भासूं शकतें. क्षितिजाकडील उपग्रहाचें तर त्याहून पुष्कळ अधिक.

हा विलंब मोजण्याची सोय निसर्गानेंच ठेविली आहे. तो कंपनसंख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. उपग्रह १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन लहरी बरोबरच सोडतो. दुसरीस सुमारें १.६५ पट उशीर होतो. ती पहिलीच्या साडेसहा मीटर मागें राहिली, तर पहिलीची चूक दहा मीटर. उपग्रहाच्या व यंत्राच्या अंगचा फरक तेवढा आधीं वजा केला पाहिजे. एकाच लहरीवर चालणाऱ्या मोबाईलास ही तुलना साधत नाहीं. उपग्रहानें पाठविलेल्या ठोकळ सूत्रानें त्याची सुमारें निम्मी चूक जाते.

आपल्याकडे हें सूत्र विशेष तोकडें पडतें. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातें. तेथले इलेक्ट्रॉन दिवसां वर उचलले जाऊन चुंबकीय रेषांवरून खालीं ओघळतात, आणि उत्तरेस अहमदाबाद-भोपाळच्या आसपास त्यांची रास होते. प्रतापगड या राशीच्या दक्षिण उतारावर येतो. कांहीं शें किलोमीटरांत विलंब बदलतो.

म्हणून इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनीं 'गगन' उभारलें. त्याच्या १५ मापनकेंद्रांपैकीं एक नागपुरास आहे. दोन लहरींचीं मापें घेऊन, ३५० किलोमीटर उंचीवर कल्पिलेल्या पांच-पांच अंशांच्या जाळ्याच्या प्रत्येक गांठीस विलंब ठरवितात, आणि तो किती चुकूं शकेल याची मर्यादाहि कळवितात. ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकास हा दुसरा आंकडाच अधिक मोलाचा. कारण चूक उंचींतच अधिक होते. मर्यादा फार वाढली, तर या संकेतावर उतरूं नये, असा नियम आहे. २८ एप्रिल २०२२ रोजीं राजस्थानांतील किशनगड येथें इंडिगोचें विमान 'गगन'च्या आधारें उतरलें.

सूर्यास्तानंतर मात्र आयनमंडळांत विरळ इलेक्ट्रॉनांचे बुडबुडे उठतात. ते पांच अंशांच्या जाळ्यांतून सहज निसटतात, आणि कधीं संकेतच तुटतो.