हरीण लोकांचे, वाट कोणाची?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहीजण बुचकळ्यात पडले असतील. अमेरिकेतला शिकारी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहावयास गेला म्हणजे त्याला शिकारीसाठी रान कसे मिळते, हा काही समाजवादी अभ्यासवर्गाचा विषय नव्हे, असे आपल्या चिटणीसांनीही मला सौजन्याने सुचवून पाहिले. मी शिकारीचा पुरस्कर्ता नाही. आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. परंतु ‘खंड’ ही संकल्पना विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्यासाठी वर्गात मी जी उदाहरणे धुंडाळली, त्यांपैकी एकही याइतके स्वच्छ नव्हते. म्हणून हट्टाने हाच विषय घेतला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी बरीच वर्षे टेक्सासमध्ये नोकरी करून अलीकडे मोंटाना राज्यात गेला. तेथील सहकाऱ्यांच्या संगतीने त्याला शिकारीचा नाद लागलेला आहे. त्याने मला कळवले, “सर, टेक्सासमध्ये मी आधी जमीनमालक शोधत असे. येथे आधी नकाशा शोधावा लागतो.” आजचे माझे भाषण म्हणजे या दोन वाक्यांवरचे भाष्य आहे.

प्रथम हरीण कोणाचे ते पाहू. इंग्लंडमध्ये ते राजाचे आणि त्याच्या मर्जीने सरदारांचे होते. १७२३ च्या ‘ब्लॅक अॅक्ट’ने तोंडाला काळे फासून राजाच्या रानात हरीण मारणाऱ्यास फाशीची शिक्षा ठेवली. अमेरिकेत गेलेल्या माणसांनी ही आठवण सोबत नेली. १८१८ साली दक्षिण कॅरोलिनाच्या न्यायालयाने असा निकाल दिला, की कुंपण न घातलेल्या जमिनीवर, ती दुसऱ्याच्या मालकीची असली तरी, शिकार करण्याचा लोकांना हक्क आहे. १८४२ साली न्यू जर्सीमधील कालवांच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राजाकडे प्रजेच्या वतीने जे विश्वस्तपण होते ते क्रांतीनंतर राज्यातील लोकांकडे आले. त्याच वर्षी ऱ्हाईन प्रांतात तरुण मार्क्स सरपण वेचणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर लेख लिहीत होता. हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो. पुढे वन्य प्राणी हा कोणा जमीनमालकाचा नव्हे, राज्य त्याचे लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व अमेरिकेत रुजले. आजही टेक्सासमधील हरीण कायद्याने लोकांचेच आहे.

पण दक्षिणेत १८६५ नंतर वारे फिरले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाला रानातून ससा, ओढ्यातून मासा आणि मोकळ्या कुरणात आपल्या डुकरांना चारा मिळत असेल, तर तो मळेवाल्याच्या दराने मजुरीला कशाला येईल? तेव्हा शिकारीवर, परक्या जमिनीत पाऊल टाकण्यावर आणि मोकळ्या चराईवर एकेका भागात बंधने येऊ लागली. मुक्त मजुराला पुन्हा मळ्याशी जखडणे हा त्यामागील मोठा हेतू होता, हे स्टीव्हन हान या इतिहासकाराने १९८२ साली एका निबंधात दाखवून दिले आहे. शिकारीचा हक्क हा शौकाचा प्रश्न तेव्हा नव्हता. मजुरीचा दर त्यावर अवलंबून होता.

टेक्सास राज्य १८४५ साली संघराज्यात सामील झाले तेव्हा त्याने आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडे ठेवली आणि पुढे ती बहुतेक सगळी विकून टाकली. आज तेथील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. परिणाम असा, की शिकारीसाठी माणसाने एखाद्या रँचच्या मालकाकडून हंगामाचा भाडेपट्टा घ्यावा लागतो. मालक हरीण विकत नाही, कारण ते त्याचे नाहीच. तो फाटक उघडण्याचे पैसे घेतो. रिकार्डोला याहून शुद्ध खंड कोठे सापडला असता?

मोंटानात स्थिती निराळी. तेथील जवळजवळ तीन-दशांश जमीन संघराज्य सरकारची आहे. शेजारच्या वायोमिंगमध्ये जवळजवळ निम्मी. नकाशावर सरकारी माळरान पिवळे, राष्ट्रीय वने हिरवी, राज्याची जमीन निळी आणि खासगी जमीन पांढरी दाखवतात. नवखा माणूस पिवळा-हिरवा रंग पाहून हरखून जातो. सरकारी जमिनीवर पाऊल टाकण्यास कोणाची परवानगी नको. मग बोट नकाशावरून फिरवता फिरवता त्याच्या ध्यानात येते, की पुष्कळशा पिवळ्या चौकोनांना चारी बाजूंनी पांढरे चौकोन चिकटलेले आहेत आणि आत जाणारी वाटच नाही.

हे असे का झाले? १८६२ आणि १८६४ च्या कायद्यांनी रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंस जमीन इनाम दिली, ती एकाआड एक. एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा, एक चौकोन कंपनीला आणि त्याला लागून असलेला सरकारला, अशी रचना. रेल्वे आली की उरलेल्या चौकोनांची किंमत वाढेल आणि सरकार ते चढ्या भावाने विकील, असा हिशेब होता. कोरड्या पश्चिमेत ते चौकोन घेण्यास फारसे कोणी आले नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी ही जमीन तशीच राहिली. पांढरी घरे हातोहात मोठ्या मालकांकडे गेली, आणि काळी घरे लोकांच्या नावावर राहून कुंपणाच्या आत गेली. १८८५ साली असे कुंपण घालण्यास बंदी करणारा कायदा झाला. तथापि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की अशा पटावरून जलाशयाकडे रस्ता काढण्याचा हक्क सरकारने मूळ देणगीत राखून ठेवलेला नव्हता.

आता वायोमिंगमधील एल्क माउंटनची गोष्ट सांगतो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलेच, पण पुष्कळ मोठे हरीण. तेथे सुमारे २२,००० एकरांची एक रँच आहे. मालक दूरच्या नॉर्थ कॅरोलिनातला, औषधनिर्मितीच्या धंद्यात श्रीमंत झालेला. रँचच्या पोटात सरकारी चौकोन अडकलेले. दोन सरकारी चौकोन जेथे कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात तेथे मालकाने दोन खांब रोवून मध्ये साखळी लावली आणि प्रवेशबंदीच्या पाट्या टांगल्या. मिझुरी राज्यातून आलेले शिकारी २०२० साली त्या खांबांना धरून पलीकडे गेले. २०२१ साली ते घडीची शिडी घेऊन आले. एका सरकारी चौकोनात शिडीचा एक पाय आणि दुसऱ्या सरकारी चौकोनात दुसरा. वर चढायचे, पलीकडे उतरायचे. खासगी मातीला त्यांच्या बुटाचा स्पर्शही झाला नाही.

मालक म्हणाला, माझ्या जमिनीवरची हवाही माझी आहे, आणि तुमचे खांदे माझ्या हवेतून गेले.

हसू नका; यावर कित्येक वर्षे गंभीरपणे वाद झाला. फौजदारी खटल्यातून ज्यूरीने २०२२ साली चौघांना निर्दोष सोडले. दिवाणी दाव्यात मालकाने सांगितले, की असे कोपरे खुले झाले तर रँचचे मूल्य सुमारे चौथ्या हिश्श्याने घटेल, म्हणजे ७० लाख डॉलरांहून अधिक नुकसान. मित्रहो, हा आकडा या सर्व प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटतो. मालकाची स्वतःची एक एकरही जमीन कमी होणार नव्हती. एक गवताची काडीही जाणार नव्हती. मग हे ७० लाख कशाचे? लोकांच्या जमिनीवरून लोकांना बाहेर ठेवण्याची जी सोय त्याला फुकटात मिळाली होती, तिचे भांडवली मूल्य त्याच्या रँचच्या किमतीत मिळवलेले होते. एरवी हा खंड हिशेबाच्या वह्यांत लपून राहतो. येथे मालकाच्या तज्ज्ञाने तो स्वतःच मोजून न्यायालयापुढे ठेवला.

संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने २०२३ साली आणि दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १८ मार्च २०२५ रोजी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, तो मुख्यतः त्याच १८८५ च्या कायद्याच्या आधारे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. चौघांच्या खर्चासाठी शिकाऱ्यांच्या संघटनेने वर्गणी जमवली होती. एका नकाशा-कंपनीने २०२२ साली केलेल्या मोजणीप्रमाणे पश्चिमेकडील राज्यांत अशी केवळ कोपऱ्यातून पोचता येणारी सार्वजनिक जमीन सुमारे ८३ लाख एकर आहे. मात्र मोंटाना दहाव्या मंडळात येत नाही. तेथे शिडी घेऊन जाणाऱ्याने आजही जपूनच जावे.

मग माझ्या विद्यार्थ्याने काय केले? मोंटानात १९८५ पासून एक योजना चालते. शेतकरी आपली जमीन शिकाऱ्यांना खुली ठेवतो आणि राज्य परवान्यांच्या उत्पन्नातून त्याला मोबदला देते. सुमारे ७० लाख एकर जमीन अशी खुली असते. शेताच्या फाटकाशी एक पेटी असते; त्यातल्या चिठ्ठीवर नाव लिहायचे आणि आत जायचे. पोटासाठी पट्टा घेणाऱ्या मालकापेक्षा हा मालक काही अधिक उदार नाही. फरक एवढाच, की सौदा एकेकट्या शिकाऱ्याशी न होता सर्वांच्या वतीने राज्याशी होतो. बाकी खासगी जमिनीवर शिकारीस परवानगी हवीच. खांबावर नारिंगी रंग फासलेला दिसला की प्रवेशबंदी समजावी.

नव्याने आलेल्याला आणखी एक अडसर असतो तो परवान्याच्या दराचा. १८० दिवस वास्तव्य झाल्याखेरीज तो राज्याचा रहिवासी ठरत नाही. रहिवाशाचा एल्कचा परवाना वीसेक डॉलरांचा. बाहेरच्याला हजाराहून अधिक मोजावे लागतात. १९७६ साली हे दर ९ आणि २२५ डॉलर होते, आणि त्यांना आव्हान दिले गेले तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. कारण असे दिले, की एल्कची शिकार हा मनोरंजनाचा भाग आहे, उपजीविकेचा नव्हे. या वाक्यावर थोडे थांबावे असे मला वाटते. कारण ज्यांची ती उपजीविका होती त्यांचे काय झाले?

वायोमिंग-मोंटानाची ही ‘सार्वजनिक’ जमीन काही निर्जन नव्हती. १८६८ च्या तहात क्रो जमातीने आपला बहुतांश मुलूख सोडला, तो रिकाम्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क राखून. १८९० साली वायोमिंग नवे राज्य म्हणून संघराज्यात आले. १८९६ साली दुसऱ्या एका जमातीच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की राज्य निर्माण झाले तेव्हाच असा हक्क संपला. म्हणजे राज्य नवे झाले आणि जुना रहिवासी आपल्याच रानात परका ठरला! ही चूक दुरुस्त व्हायला २०१९ साल उजाडले. बिगहॉर्न वनात एल्क मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या एका क्रो शिकाऱ्याच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. सार्वजनिक मालकीचा पुरस्कार आपण करतो तेव्हा त्या ‘सार्वजनिक’ शब्दाखाली कोण गाडले गेले, याचीही विचारपूस केली पाहिजे. आपल्या पक्षाच्या ठरावांत ती नेहमी होते असे नाही.

जून २०२५ मध्ये यूटाच्या एका सिनेटरने अर्थसंकल्पी विधेयकात कलम घातले, की अकरा पश्चिमी राज्यांतील २० ते ३० लाख एकर सार्वजनिक जमीन विकावी. त्याविरुद्ध पर्यावरणवादी उठले हे ओघानेच आले. पण ज्यांची मते एरवी उजव्या पक्षाला पडतात ते शिकारी आणि मासेमारही तितक्याच त्वेषाने उठले, आणि महिना संपण्यापूर्वी ते कलम मागे घ्यावे लागले. खासगीकरणाविरुद्ध आपण जी व्याख्याने देतो ती या माणसांनी ऐकलेली नव्हती. त्यांच्या पायाखालची वाट जात होती, हे त्यांना पुरेसे होते. कार्यकर्त्यांनी या गोष्टीचा जरूर विचार करावा.

आपल्याकडे काय? शिकारीचा हक्क येथे मागता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद केली, आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याने इतर परंपरागत हक्क मान्य करताना शिकार नावानिशी वगळली. आपल्या रानांची स्थिती पाहता मी त्याविरुद्ध नाही. पण फासेपारध्यांचा फास काढून घेताना त्याच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न उरतोच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, एवढेच. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार केली होती. मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, तो बसल्या जागी मिळाला नाही.

अमेरिकेच्या पटावरचा कोपरा आपल्याकडे बांधावर असतो. सातबारा गायरानाचा, पण पाणंद कोणीतरी नांगरून टाकलेली. तळे गावाचे, पण त्याच्या चारी बाजूंस एकाच घराण्याचा ऊस. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारास शेताच्या बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार आहे, आणि अडवलेली जुनी वहिवाट खुली करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अर्ज बहुधा एकेकटा शेतकरी करतो आणि खेटे घालून थकतो. पुढील वर्गाला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या गायरानाचा, तळ्याचा आणि पाणंदींचा तलाठ्याकडचा नकाशा आणावा, आणि त्यावर आज प्रत्यक्ष कोठे बैलगाडी जाते ते लाल पेन्सिलीने काढून आणावे. शिडी मी आणतो.