नोकरी सांभाळून बँकेची परीक्षा



आम्ही बँकेत लिपिक, शिक्षण कला शाखेचे. जेएआयआयबीच्या 4 पेपरांपैकी 3 सुटले. अकाउंटिंगच्या पेपरात मात्र 50 हवे असता 43 गुण पडले. "या वयात कशाला हा खटाटोप?" असे घरीदारी विचारले गेले. प्रश्न वेतनवाढीचा होताच. पण दहावीतल्या मुलीसमोर अभ्यास अर्धवट टाकायचा कसा, हा त्याहून मोठा होता.

सुटलेले पेपर ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा द्यावे लागत नाहीत. म्हणून पहाटेचा एक तास त्या एकाच विषयाला दिला. वीस वर्षांनी लहान असलेल्या अधिकाऱ्याला शंका विचारण्याची लाज सोडली. तेव्हा उमगले: ग्राहकाची ठेव हे बँकेचे देणे, म्हणून ती जमा, दिलेले कर्ज हे बँकेचे येणे, म्हणून ते नावे. रोज हाताळलेल्या व्हाउचरांचा अर्थ इतक्या वर्षांनी कळला. पुढच्या खेपेस 58 गुण मिळाले.

मित्रांनो, कला शाखा आम्हांला आडवी आली नाही. न विचारलेल्या शंका आडव्या आल्या. आपण त्या आजच विचाराव्यात, एवढीच विनंती.