पाण्याच्या बैठकीत टेलच्या शेतकऱ्याने काय बोलावे?



पाऊस हल्ली वेळेवर येत नाही; आला तर एकदम कोसळतो, नाहीतर महिनाभर दडी मारतो. धरण अपुरे भरले की आवर्तने घटतात आणि ती तूट पहिल्यांदा टेलच्या शेतात दिसते. मग बैठक भरते. साहेबांपाशी आकडे असतात, हेडच्या बागायतदाराचा आवाज मोठा असतो. टेलचा माणूस "आमचं वाटोळं झालं हो" एवढं बोलून खाली बसतो. त्याचं खरं असतं, पण इतिवृत्तात लिहिणार काय?

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचेच पाहा. ओझर कालव्याच्या टेलला. पाणी कागदावर मंजूर, पण शेतात पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि 1990-91च्या सुमारास तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून मागितले, मोजून घेतले. पुढे वरच्या गावांतही संस्था झाल्या.

2005च्या कायद्याने पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य व टेल या तिन्ही भागांना सारखे स्थान दिले आहे. खुर्ची मिळाली, आता बोलायची तयारी हवी.

त्यासाठी एक वही घाला. चारीला पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आले, मोजपट्टीवर उंची किती होती, किती तास चालले, किती एकर भिजले, कोणते पीक वाळले, हे त्याच दिवशी लिहा. शेजाऱ्याची सही घ्या. रात्रीची पाळी घरच्या बाईने धरली असेल, तर बैठकीत तिलाच बोलू द्या. चारी कुठे फुटली ते तिने पाहिलेले असते. आधी वही वाचा, मग दुःख सांगा. दुःख सांगायला लाजू नका.

आता थोडे कडू बोलतो. जायकवाडीच्या हिशेबात आपण नाशिककर हेडला आहोत अन् मराठवाडा टेलला! टंचाईत खोऱ्यातले पाणी समन्यायाने वाटावे, असे 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तेव्हा पैठणकडचा शेतकरी आपली वही घेऊन आला, तर ती शेवटपर्यंत ऐकून घ्या. मग आपली उघडा.