बैलजोडी एक, औते दोन

(अभियांत्रिकीचे नवागत विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पूल कसा बांधावा हे आम्हांस सांगता यावयाचे नाही, आणि अभियंत्यांच्या सभेत आम्हांस बोलावून आपण धाडसच केले आहे. परंतु काही वर्षांपूर्वी एका मुलास आम्ही जो सल्ला दिला तो चुकला. ती चूक आपल्या वाट्यास येऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही आज येथे उभे आहोत.

हा मुलगा कृष्णाकाठचा. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात त्याचे घर पाण्यात गेले. पुढे त्यास स्थापत्य अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला. त्याच्या संस्थेत पहिल्या वर्षानंतर दुसरा मुख्य विषय, म्हणजे ज्यास आपण 'डबल मेजर' म्हणता तो, घेण्याची मुभा होती. "धरणही कळले पाहिजे आणि पुराचे गणित मांडणारा संगणकही कळला पाहिजे," असे त्याचे म्हणणे. ते ऐकून आम्ही भारावलो आणि हिशेब न मांडताच म्हणालो, "दोन्ही घे!"

तिसऱ्या सत्राअखेर तो वडिलांसह आमच्या कचेरीत आला. त्याचा 'पदार्थांचे सामर्थ्य' हा विषय राहिला होता, आणि तो तर स्थापत्यशास्त्राचा पायाच. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, बैलजोडी एकच हाय, औतं दोन कशी वढायची?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. जो हिशेब आरंभीच करावयास हवा होता, तो त्या दिवशी आम्ही कागदावर मांडला. तोच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करू. दुहेरी मुख्य विषय म्हणजे पदवी एक, पण प्रधान विषय दोन. आयआयटी कानपूरसारख्या संस्थेत अशी सोय आहे. दुहेरी पदवी ही निराळी गोष्ट. पिलानीच्या बिट्स संस्थेत, आणि २००४ साली सुरू झालेल्या तिच्या गोव्याच्या शाखेतही, शास्त्रविषयातील एम. एस्सी. व अभियांत्रिकीची बी. ई. अशा दोन पदव्या पाच वर्षांत घेता येतात. तिसरा प्रकार गौण विषयाचा, म्हणजे 'मायनर'चा. हे तिन्ही एकाच मापाने मोजणे ही आमची पहिली चूक होती.

आता माप पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक धरले आहेत. आठ सत्रांत वाटले तर सत्रास सरासरी वीस. आठवड्यातील एका तासाच्या व्याख्यानास एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिकाच्या दोन तासांस एक. चौदा तास व्याख्याने आणि बारा तास प्रात्यक्षिके धरली तर वीस श्रेयांकांसाठी आठवड्याचे सव्वीस तास वर्गात व प्रयोगशाळेत जातात. घरचा अभ्यास आणि प्रयोगवह्या याखेरीज.

गौण विषयास त्याच अभ्यासक्रमाप्रमाणे वीस श्रेयांक अधिक मिळवावे लागतात. म्हणजे ज्यास आपण 'गौण' म्हणतो तेसुद्धा एका पूर्ण सत्राचे काम आहे! तिसऱ्या सत्रापासून आठव्यापर्यंत ते वाटले तर दर सत्रास सुमारे एक विषय जादा पडतो. हे ओझे जड खरे, पण उचलता येण्याजोगे.

मुख्य विषयाची गोष्ट तशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात दुहेरी मुख्य विषयासाठी किमान चाळीस टक्के श्रेयांक दुसऱ्या विषयाचे असावेत असे म्हटले आहे. अभियांत्रिकीची चौकट निराळी असते हे आम्ही जाणतो. तथापि प्रमाण ध्यानी यावे म्हणून सांगतो की, १६० चे चाळीस टक्के म्हणजे ६४, अर्थात तीन सत्रांहून अधिक काम. दोन्ही शाखांत सामाईक विषय किती, यावर सारे अवलंबून. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे पुष्कळ विषय एकच असतात. स्थापत्य आणि संगणक यांच्यात गणित, भौतिकी व थोडे प्रोग्रॅमिंग सोडले तर हाती फारसे काही लागत नाही.

आणखी एक अडचण आमच्यासारख्या बाहेरच्या माणसास दिसत नाही. हे विषय साखळीने बांधलेले असतात. सामर्थ्यशास्त्राशिवाय संरचनेचे विश्लेषण नाही, विश्लेषणाशिवाय काँक्रीटचे डिझाइन नाही. तिकडे प्रोग्रॅमिंगशिवाय डेटा स्ट्रक्चर नाही, त्यावाचून अल्गोरिदम नाही. दोन साखळ्या एकाच वेळी ओढताना एकीची एक कडी निसटली की पुढचे सारे खोळंबते. दोन्ही शाखांचे तास एकाच वेळी आले तर एक विषय पुढच्या वर्षावर जातो. जादा सत्र म्हणजे जादा शुल्क, वसतिगृहाचे जादा भाडे, आणि घरी वाट पाहणाऱ्या माणसांचे आणखी काही महिने.

मग दोन विद्यांचा ध्यास धरूच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यांच्या नावाने १९९८ साली बेळगावात तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले, त्या विश्वेश्वरय्यांनी १८८१ साली बंगळुरात बी. ए. केले आणि त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजात येऊन १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा दिली. खडकवासल्याचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे. विद्या दोन, पण एकीमागून एक! घाई केली नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. पहिल्या वर्षी काहीच ठरवू नका. मुख्य विषयाचा पाया भरू द्या. नंतर दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम समोर ठेवून सामाईक विषयांवर खूण करा, उरलेल्या श्रेयांकांची बेरीज करा, आणि वेळापत्रकात ते बसतात काय हे विभागप्रमुखांस विचारा. विषय राहिल्यास काय होते, शुल्क किती वाढते, हे लेखी मागा. सरकारी नोकरीची इच्छा असेल तर जाहिरातीत लिहिलेली शाखा आपल्या पदवीवर मुख्य म्हणून असू द्या. गौण विषयाने ती अट सहसा भागत नाही. आणि दुसरा विषय शेजारच्या मुलाने घेतला म्हणून घेऊ नका. त्यावाचून तुमचा प्रश्न सुटत नसेल, तरच घ्या.

पालकांसही एक विनंती. मुलाने एक विषय सोडला तर त्यास हार म्हणू नका. ज्या मुलाची गोष्ट आम्ही सांगितली, त्याने दुसरा मुख्य विषय सोडून संगणक गौण विषय म्हणून ठेवला. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत सोडविला. आज तो शेवटच्या वर्षात आहे आणि नदीच्या पातळीचा अंदाज संगणकावर मांडण्याचे काम प्रकल्प म्हणून करीत आहे. ज्यासाठी त्यास दोन विद्या हव्या होत्या, ते काम त्याच्या हाती आले. फक्त पदवीवरच्या दोन नावांचा मोह तेवढा सुटला.

परवा त्याचे वडील भेटले. आम्ही विचारले, "औत कसे चालले आहे?" ते हसले आणि म्हणाले, "सरळ चाललंय साहेब. तास वाकडं जात न्हाई आता."

विद्यार्थी मित्रहो, तुमचेही तास सरळ जावे, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.