मी लायब्ररीत होते

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘बाई आणि प्रवास’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सत्राचा विषय कळला तेव्हा वाटलं, एस. टी.च्या फेऱ्या, स्टँडवरच्या मुताऱ्या, रात्रीची भीती यांवर बोलावं. पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून आज वेगळंच सांगते. मी मजा केली, त्याबद्दल. आपल्या बैठकांत आपण बायकांच्या त्रासावर तासन्‌तास बोलतो, आणि मजेचं निघालं की संकोचतो. मीही संकोचतेच आहे.

एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर दोन वर्षं एका संस्थेत काम केलं आणि २०१४च्या सप्टेंबरात वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात गेले. थोडी शिष्यवृत्ती, बाकी बँकेचं कर्ज, त्यावर वडिलांची सही. वडील एस. टी.त कंडक्टर. त्यांना कुटुंबासाठी मोफत प्रवासाचा पास मिळायचा. तरी आईचा प्रवास केवढा? माहेर, लग्नकार्य, पंढरपूर, कुणाचं दुखणं नाहीतर बाळंतपण. पास होता, कारण नव्हतं. आणि कारणाशिवाय बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे आमच्या घरात कुणाला सांगावंसुद्धा लागत नव्हतं.

लीड्समध्ये आमचा पाचजणींचा गट जमला. एक नायजेरियातल्या लागोसची, एक केरळची, एक चीनची, एक तिथल्याच ब्रॅडफर्डची, आणि मी. शनिवार उजाडला की आम्ही निघायचो. तीस पौंडांचं रेल्वेकार्ड काढलं की विद्यार्थ्यांना वर्षभर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळे. लांबच्या बसचं तिकीट फार आधी काढलं तर कधी एका पौंडातही मिळून जाई. पौंडाला तेव्हा साधारण शंभर रुपये पडायचे. मी एका वहीत प्रत्येक खर्च शंभराने गुणून लिहायची आणि स्वतःलाच रागवायची. मग चपातीत बटाट्याची भाजी गुंडाळून डबा भरायचा. बाहेर खायला लागलं तर गुणाकार अंगावर यायचा!

पहिल्यांदा गेलो यॉर्कला. गाडीने अर्धा तासही लागत नाही. शहराभोवती जुना दगडी तट आहे, त्यावरून तीनेक किलोमीटर चालता येतं, पैसे पडत नाहीत. तिथलं रेल्वेचं संग्रहालयही फुकट. कंडक्टरची मुलगी मी, इंजिनं बघत दोन तास तिथेच रमले. नंतर नदीकाठच्या पायरीवर आम्ही पाचजणी बसलो, डबे उघडले, आणि काहीच केलं नाही. तासभर. त्या तासात एकाही माणसाने विचारलं नाही की तुम्ही इथे कशाला बसलात, कुणाची वाट बघताय. आपल्याकडे स्टँडवर बाई दहा मिनिटं एकटी बसली तर तीन जण येऊन विचारतात, “कुठं जायचंय, बाई?” विचारणारे सगळेच वाईट नसतात. पण उत्तर तयार ठेवावं लागतं. त्या पायरीवर माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि ते लागलंही नाही. मी चोवीस वर्षांची होते. असा तास माझ्या आयुष्यात त्याआधी आला नव्हता.

आणि रविवारी घरी फोन केला तेव्हा सांगितलं, “काल दिवसभर लायब्ररीत होते.”

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. कर्ज काढून शिकायला पाठवलेली मुलगी फिरते कशी, हे घरी पटणार नाही असं मी मनाला सांगितलं. पैसे खरं तर माझेच होते, दोन संध्याकाळी एका उपाहारगृहात भांडी घासून मिळवलेले. तरी खोटं बोलले. पुढे एकदा ब्रॅडफर्डची मैत्रीण गाडीत फोनवर आईशी पंजाबीत बोलत होती. शब्द सगळे कळले नाहीत, ‘लायब्ररी’ तेवढा कळला. ती इंग्लंडातच जन्मलेली, तिचं घर लीड्सपासून वीस मिनिटांवर. तिच्या आईवडिलांचं गाव पाकिस्तानात, माझं सांगली जिल्ह्यात, आणि निमित्त एकच! आम्ही दोघी इतक्या हसलो की केरळची मैत्रीण घाबरली. हसून झाल्यावर मात्र बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिथे सगळं आलबेल होतं असं समजू नका. एका शनिवारी रात्री मँचेस्टरहून परतताना डब्यात दारू प्यालेलं एक टोळकं होतं. लागोसच्या मैत्रिणीच्या केसांवरून सुरू झालं, मग आमच्या रंगावर आलं, मग आणखी खाली. माणसं खिडकीबाहेर बघत राहिली, आणि खिडकीबाहेर तर अंधार होता. गार्ड फिरकला नाही. शेवटी एक वयस्कर बाई उठली, आमच्यात येऊन बसली, आणि काही न बोलता तिने चिप्सचं पाकीट पुढे केलं. टोळकं पुढच्या स्टेशनला उतरलं. तिथल्या रेल्वे पोलिसांना ६१०१६ या नंबरवर मेसेज करून कळवता येतं, हे आम्हाला नंतर समजलं.

आमच्या एका बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लीड्सची जुनी हकीकत सांगितली. १९७५ ते १९८० या काळात त्या भागात एक माणूस बायकांचे खून करीत होता. तेरा खुनांबद्दल १९८१ साली त्याला शिक्षा झाली. तो मोकळा होता तेव्हा पोलीस सांगत, बायकांनी रात्री बाहेर पडू नये. घरात कोंडून घ्यायचं ते बायकांनी! त्या संतापातून १२ नोव्हेंबर १९७७च्या रात्री लीड्समध्ये आणि इतर काही शहरांत बायका मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या, रात्र आमचीही आहे म्हणत. १९८० साली विद्यापीठातलीच एक विद्यार्थिनी बसमधून उतरून खोलीकडे जाताना मारली गेली. मी राहत होते त्याच हेडिंग्ले भागात. आम्ही शेवटच्या गाडीने परतून त्याच रस्त्याने गप्पा मारत खोलीवर यायचो. ती वाट आमच्यासाठी कुणी मोकळी केली होती, ते मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर शहरं वेगळी दिसू लागली. मँचेस्टरला पुन्हा गेलो तेव्हा पँकहर्स्ट कुटुंबाचं नेल्सन स्ट्रीटवरचं घर शोधलं. मताधिकारासाठी लढणारी त्यांची संघटना १९०३ साली तिथे स्थापन झाली. साधं विटांचं घर, भोवती इस्पितळाचा पसारा. त्याच जागेतून घरच्या हिंसेने पिचलेल्या बायकांना मदत करण्याचं काम चालतं. मला ते कुठल्याही पुतळ्यापेक्षा आवडलं.

एडिंबरोला मात्र रात्री राहिलो, आठ खाटांच्या खोलीत. तिथे वैद्यक शिकू पाहणाऱ्या मुलींवर १८७०च्या नोव्हेंबरात परीक्षेला जाताना जमावाने चिखल फेकला, दार तोंडावर बंद केलं, आणि परीक्षेच्या दालनात एक मेंढरू सोडलं. विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नाही. दिली ती २०१९ साली, त्या सगळ्या गेल्यानंतर. त्यांच्यातल्या सोफिया जेक्स-ब्लेकने लंडनला १८७४ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. आपल्या रखमाबाई शिकल्या त्या तिथेच! तिथे उभी असताना मनात आलं, १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला, १८८९ला रखमाबाई. तिघींजवळ कारण होतं, आणि केवढं मोठं! लहान कारणावर त्यांना कुणी जाऊच दिलं नसतं. मी तिथे नुसती फिरायला आले होते.

‘व्हाय लॉइटर?’ नावाचं एक पुस्तक आहे, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं, २०११ सालचं. बायकांनी शहरात विनाकारण रेंगाळावं, तो त्यांचा हक्क आहे, असं ते म्हणतं. मुंबईवरचं हे पुस्तक मी वाचलं लीड्सच्या लायब्ररीत. म्हणजे एक दिवस तरी मी खरंच लायब्ररीत होते.

एडिंबरोचा फोटो मैत्रिणीने फेसबुकवर टाकला. चुलतभावाने तो पाहिला आणि एका बारशात घरभर दाखवला. वडील दोन आठवडे फोनवर आले नाहीत. आईने विचारलं, “रात्री राहिलात कुठं? बायका-बायकाच होतात ना?” मी हो म्हटलं. मग म्हणाली, “तिथं संडास कसे असतात?” मी सांगितलं, स्वच्छ असतात, पण मोठ्या स्टेशनांवर नाणं टाकल्याशिवाय आत जाता येत नाही. (ती नाणी २०१९पासून बंद झाली.) ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पुढच्या वेळी फोटो आधी मला धाड.”

पुढचे सगळे फोटो तिला धाडले. वडिलांना ती ते दाखवायची की नाही, मी विचारलं नाही.

आता इथलं. १७ मार्च २०२३पासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या तालुक्यात गाड्या बायकांनी भरू लागल्या. गेल्या वर्षी बचत गटातल्या बाराजणींनी ठरवलं, शनिवारी कोल्हापूरला जायचं. देवीला नाही, दवाखान्यात नाही. रंकाळ्यावर बसायचं, भेळ खायची, संध्याकाळी परत. बारापैकी सातजणींनी घरी सांगितलं, ‘ताईंचं प्रशिक्षण आहे.’ मला हे ठाऊक होतं. मी हसले, गप्प बसले.

दुपारी एकीच्या नवऱ्याचा फोन आला. “ताई, प्रशिक्षण कशाचं आहे?” मी क्षणभर थांबले. मग सांगितलं, “प्रशिक्षण नाही, भाऊ. त्या फिरायला गेल्यात.”

त्या सातांपैकी दोघींचं गटात येणं बंद झालं. एक भेटल्यावर म्हणाली, “ताई, तुमचं खरं आम्हाला महागात पडलं. तुम्ही स्वतः किती वर्षं खरं बोललात?” मी तिला लीड्सचं सांगितलं. तिला हसू आलं नाही. उरलेल्या पाचजणींत एक अशी आहे, जी आता घरी सांगून जाते. तिच्या सासूलाही घेऊन जाते. पण त्या दोघी अजून येत नाहीत, आणि मी त्यांच्या घरी तीनदा जाऊन आले.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, यावर तुमचं मत मला हवं आहे. आधी मात्र एक विचारते, प्रामाणिकपणे हात वर करा. या शिबिराला येताना घरी खरं कारण सांगून आलेल्या किती जणी आहात?