जबड्याचा कोन एकच, मग एक्स-रे दोन का?

मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या आईने मला तोंडावरच विचारलं, “मॅडम, तारा लावायच्यात ना? मग दोन-दोन एक्स-रे कशाला?” प्रश्न रास्त आहे. आजचा भाग त्यावरच.

आधी एक करा. कानाच्या पाळीखाली बोट ठेवा आणि जबड्याच्या कडेने खाली या. हाड जिथे वळून हनुवटीकडे निघतं, तो कोपरा सापडला? त्याला आम्ही गोनियल अँगल म्हणतो. मोठ्या माणसात तो साधारण १२० ते १३० अंश असतो. जास्त उघडा असेल तर चेहरा लांबट होण्याकडे कल, कमी असेल तर चौकोनी. उपचार ठरवताना हा आकडा आम्हाला लागतो.

मोजायचा कसा? पहिली पद्धत लॅटरल सेफ, म्हणजे डोकं स्थिर धरून बाजूने काढलेला एक्स-रे. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफराथ यांनी ही पद्धत मांडली. कवटीच्या तुलनेत जबडा पुढे आहे की मागे, हे यात छान कळतं. अडचण एकच : डावी-उजवी बाजू एकमेकींवर पडते आणि फिल्मपासून लांबची बाजू थोडी मोठी उमटते. मग आम्ही दोन सावल्यांच्या मधून रेघ मारतो.

दुसरी पद्धत ओपीजी. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि अख्खा जबडा पसरून दिसतो. दोन्ही कोपरे वेगळे! गोनियल अँगलपुरता ओपीजीचा आकडा बहुतेक वेळा सेफच्या जवळपास येतो. पण आडवी अंतरं त्यावर मोजू नयेत, आणि डोकं तिरकं झालं तर कोनही फसवतो.

माझीच चूक सांगते. शिकत असताना एका सोळा वर्षांच्या मुलीच्या सेफवर दोन सावल्या दिसल्या. डोकं हललं असेल, असं म्हणून मी मधून रेघ मारून मोकळी झाले. सरांनी ओपीजी पुढे केला. “दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोज बरं.” आठ अंशांचा फरक! मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तर हनुवटी खरंच एका बाजूला सरकलेली. समोरून एक्स-रे काढला, खात्री झाली. एका बाजूची वाढ अजून चालू आहे का, हे बघायला आम्ही तारा लावणं थांबवलं. माझ्या त्या एका रेघेत तो सगळा फरक बुजला होता.

आता भीतीचं. या दोन्ही एक्स-रेंचा डोस आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळणाऱ्या किरणांइतकाच असतो. सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन, सगळ्यात स्पष्ट; पण डोस सहसा जास्त, म्हणून तो सरसकट नाही, गरज असेल तरच.

तेव्हा पुढच्या वेळी घाबरू नका, पण गप्पही बसू नका. विचारा, “डॉक्टर, या एक्स-रेमध्ये नक्की काय बघायचंय?” उत्तर मिळायलाच हवं. भेटू पुढच्या भागात!